व्यसनमुक्तीसाठी ज्ञापन देताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

आमचं पहिलं ज्ञापन चार पानी होतं. (निवेदनाला इंदूरच्या मराठीत ज्ञापनच म्हणतात, पुणेकरांनी समजून घ्यावं.) एका मंगळवारी आम्ही सहा जणी ते घेऊन जनसुनवाईला, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे, गेलो. समोरचे साहेब दुसऱ्या पानावर थबकले. तिथे लोकमान्य नगरच्या काकूंनी जोशात लिहिलं होतं, ‘नशा करने वालों को शिक्षा नहीं, उपचार दीजिए.’ आपली शिक्षा हिंदीत गेली की शिक्षण होते, हे इंदुरात जन्म गेलेल्या सहाही जणींच्या नजरेतून सुटलं. साहेब हसले. म्हणाले, “शिक्षा भी दे देंगे मैडम, पर मुझसे करवाना क्या है?”

प्रश्न रास्त होता आणि आमच्या चार पानांत त्याचं उत्तर नव्हतं. पुढे बरीच ज्ञापनं लिहिली, बरीच वाया गेली. कुठे कुठे चुकलो ते सांगते.

‘कलाली हटवा’ म्हणजे उपचार मागणं नव्हे

सगळ्यात महागात पडलेली चूक ही. शाळेसमोर कलाली, म्हणजे दारूचं दुकान, असेल तर जरूर भांडा, मीही येते. पण ती फाइल वेगळी. आमच्या ज्ञापनाच्या मथळ्यातच ‘शराब’ होतं, त्यामुळे ते सरळ आबकारी खात्याकडे गेलं. त्यांनी दुकानाचा परवाना नियमात असल्याचं कळवलं आणि प्रकरण मिटलं. उपचाराबद्दल आबकारीवाले काय बोलणार?

मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून अहाते (दुकानालगत बसून पिण्याच्या जागा) बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर अशा धार्मिक गावांतली दुकानंही बंद झाली. दोन्ही वेळा आमच्या मंडळात पेढे वाटले गेले. दोन्ही निर्णय दुकानांबद्दलचे होते. पिणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी कुठे न्यायचं, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

तो प्रश्न काय असतो, हे मी २०२० च्या टाळेबंदीत घरातच पाहिलं. धाकटे भाऊजी रोज पिणारे. दुकानं बंद झाली तशी पहिल्या दिवशी हात थरथरू लागले, दुसऱ्या रात्री झोप नाही, आणि तिसऱ्या रात्री ते पलंगावर बसून चादरीवरून एकेक मुंगी वेचत होते. चादरीवर एकही मुंगी नव्हती. आम्हाला वाटलं, सुटतेय, थोडा त्रास व्हायचाच. खरं तर रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, असा भ्रम होऊ शकतो, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर माणूस दगावतोही. ते वाचले ते ओळखीच्या एका डॉक्टरांमुळे. त्या आठवड्यात कलाली तर कडेकोट बंद होती.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत असं आढळलं की दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. मागायचं ते उरलेल्या ३७ जणांसाठी. व्यसनमुक्तीची ओपीडी आठवड्यातून किती दिवस चालते, मनोविकारतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का, दारू सोडवतानाची औषधं रुग्णालयाच्या दुकानात मिळतात का, हे विचारा. इमारत मागू नका. इमारतीचं भूमिपूजन होतं, फोटो येतो, आणि दोन वर्षांनी तिथे कुलूप असतं.

नवा कायदा मागण्याआधी जुना वाचा

‘सरकारने कडक कायदा करावा’ हे वाक्य आम्ही चार वेळा लिहिलं होतं. कडक कायदा म्हणजे पोलीस वाढणार. उपचार सोपा करणारा कायदा बराचसा आधीच आहे, तो कुणी वापरत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा घ्या. त्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक विकारही मानसिक आजारात धरले आहेत. म्हणजे कलम १८ प्रमाणे सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, असंही त्याच कलमात म्हटलंय. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

दुसरं, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याचं कलम ६४अ. अमली पदार्थ सेवन करणारा किंवा अल्प मात्रेसह सापडलेला व्यसनी आपण होऊन उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट टाकला तर हे संरक्षण काढून घेता येतं. मात्र यातली मेख बघा: उपचार सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या ठिकाणीच हवा. बायपासवरच्या कुठल्याशा बंगल्यात, फाटकाला साखळी आणि बाहेर ‘नशा मुक्ति केंद्र’ची पाटी, अशा ठिकाणी पोराला टाकलंत तर पैसेही जातात आणि हे संरक्षणही मिळत नाही. म्हणून आम्ही आता मागतो ते एवढंच: जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त केंद्रांची यादी प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावा. त्याला विधेयक लागत नाही, एक आदेश पुरतो.

नवा नियम कुठे हवा आहे, ते आपल्या आरोग्य विम्याच्या कागदांत दिसेल. २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्या. आणि बहुतेक पॉलिसींत ‘एक्स्क्ल. १२’ या खुणेखाली दारू, अमली पदार्थ किंवा कुठल्याही व्यसनाचा उपचार वगळलेला असतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये ठरवून दिलेल्या अपवादांपैकीच तो एक. भाऊजींचं बिल आम्ही पाठवलं होतं. परत आलं, त्यावर हाच आकडा. एक कायदा आजार म्हणतो आणि नियम म्हणतो आजार नाही. भांडण करायचं तर इथे करावं.

दार चुकतं

दारूचा परवाना, दुकान, सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे विषय. एनडीपीएस आणि विमा केंद्राचे. अफू तर शेजारच्या मंदसौर-नीमचला पिकते, पण तिचा परवाना केंद्राचं नार्कोटिक्स खातं देतं, ज्याचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. आम्ही आमदारांकडे एनडीपीएसचं कलम २७ (सेवनाबद्दलच्या शिक्षेचं) बदला म्हणून गेलो होतो. बिचाऱ्यांनी चहा पाजला. कलम त्यांच्या हातात नव्हतं. आमदारांकडे विधानसभेतला प्रश्न किंवा याचिका मागा, पदं आणि औषधांचा पैसा मागा. विम्याचं आणि एनडीपीएसचं गाऱ्हाणं खासदारांकडे न्या.

आणखी एक. व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडून, रुग्णालयं आरोग्य खात्याची. एकाच अर्जात दोघांना घातलंत तर दोघंही तो एकमेकांकडे पाठवतात. दोन कागद करा.

‘उचलून न्या आणि सहा महिने ठेवा’

ही मागणी घरच्यांचीच असते आणि मी ती करणाऱ्यांना दोष देत नाही. रात्री दोनला दार बडवणारा मुलगा घरात असला की माणूस काहीही मागतो. पण अशा मागणीतूनच ते साखळीवाले बंगले उभे राहतात. २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंड घालायला बंदी आहे. त्याच्या मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९ आहे: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो, मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक जण अशा दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. ज्ञापनात मागायचंच असेल तर केंद्रांची नोंदणी आणि तपासणी मागा.

घरच्यांना मंचावर उभं करू नका

गणपतीच्या मंडपात आम्ही एका मुलाला ‘मी कसा सुटलो’ सांगायला लावलं. टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात तो पुन्हा प्यायला आणि गल्लीभर चर्चा झाली. तो आमच्याशी अजून बोलत नाही. ज्याला आपणहून बोलायचंय तो बोलेल. नाव न घेता, वय आणि खर्चाचा हिशेब लिहिला तरी साहेबांना पुरतो.

तारीख आणि पाठपुरावा

२६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. त्या दिवशी सगळे अधिकारी शपथ आणि रॅलीत असतात. तुमच्या कागदाचा फोटो निघेल, बाकी काही नाही. राज्याचं बजेट फेब्रुवारी-मार्चात येतं, म्हणजे पैशाची मागणी दिवाळीच्या सुमारासच पोचलेली बरी.

१८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार केलीत आणि ती ‘फोर्स क्लोज’ झाली (तुमचं समाधान न होताच बंद केली गेली) तर रागावून तीच पुन्हा टाकू नका. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा: मंजूर पदं किती, भरलेली किती, नोंदणीकृत केंद्रं कोणती. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. आलेलं उत्तर पुढच्या ज्ञापनाला जोडा. त्यांचाच आकडा त्यांना नाकारता येत नाही. आणि आवकचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

गेल्या खेपेचं आमचं ज्ञापन एका पानात बसलं. तीन मागण्या, प्रत्येकीसमोर कलम आणि खातं. हिंदी शेजारच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून तपासून घेतली. काकूंनी आपलं वाक्य काही सोडलं नाही. ‘शिक्षा’ खोडून तिथे ‘सज़ा’ लिहिलं आणि नुक्ता दोनदा गिरवला.