स्मरणिकेत ‘आमचे गाव’ लिहायचंय? आधी चावडीत जा

एखाद्या गावची शाळा शंभरीला आली की तिथले गुरुजी माझ्याकडे येतात. “सर्कलसाहेब, स्मरणिका काढतोय, ‘आमचे गाव’ म्हणून दोन पानं लिहून द्या की.” मी निवृत्त मंडळ अधिकारी. नोकरी मोहोळ, माढा, माळशिरस, अक्कलकोट अशी सोलापूर जिल्हाभर झाली. आता कंबर साथ देत नाही, एसटीत बसवत नाही. म्हणून रीतच लिहून ठेवतो, पानं तुमची तुम्ही लिहा.

माझ्याकडे येणारे बहुतेक मसुदे एकाच वाक्यानं सुरू होतात : वनवासात पांडव इथे मुक्कामाला होते. एवढ्या गावांत मुक्काम करून बारा वर्षांत त्यांचा वनवास संपला कसा, हे मला उलगडलेलं नाही. ती गोष्ट जरूर घ्या, पण शेवटी, आणि ‘असे सांगतात’ एवढं जोडून.

आधी गाव नेमकं कुठलं ते पक्कं करा. हसू नका. जिल्हा जवळपास १५ हजार चौरस किलोमीटरचा, ११ तालुक्यांचा; २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर माणूस. उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर या दोन्ही तालुक्यांच्या कचेऱ्या शहरातच आहेत, त्यामुळे चुकीच्या दारात अर्धा दिवस घालवणारा रोज एक तरी भेटतो. माळशिरस तालुक्यात मोठं गाव अकलूज, पण तहसील माळशिरसलाच. बुद्रुक-खुर्दाचा घोळ सगळीकडे आहे, करमाळ्याकडे तर नंबरांचाही आहे : केत्तूर नंबर १ आणि २, वांगीचे तर त्याहून जास्त. उजनी धरणाचं पाणी चढलं, गावं उठली, नवी वसली, नाव तेच राहिलं. अशा गावाचा इतिहास लिहिताना जुन्या गावठाणाचा की नव्या, हे पहिल्याच ओळीत सांगा.

मग कुठला कागद कुणाकडे, हे समजून घ्या. गावात सरकार दोन वाटांनी येतं. एक वाट महसुलाची : जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, सर्कल, तलाठी, कोतवाल. दुसरी विकासाची : जिल्हा परिषद, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, ग्रामसेवक, सरपंच. ही दुसरी वाट १९६२ पासूनची, पहिली मात्र इंग्रजांच्याही आधीपासून चालत आलेली. जमिनीचा कागद तलाठ्याकडे आणि तहसीलला, घराचा आणि पाणीपट्टीचा ग्रामपंचायतीत, आणि नकाशा, टिपण (शेताच्या मोजमापाची आकृती), मोजणी या दोघांकडेही नाही. ते भूमी अभिलेख खात्यात, तालुक्याच्या उपअधीक्षकाकडे. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा आदेश आहे. गावात भाऊसाहेबच म्हणतात.

आता मुख्य काम. गावाचा खरा इतिहास फेरफार नोंदवहीत, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल नोंदणाऱ्या गाव नमुना ६ मध्ये असतो. आजचा सातबारा मोबाईलवर दिसतो, पण तो आजचाच. त्यावर मालकाच्या नावाशेजारी एक आकडा असतो. हाती लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर गोलात, संगणकीय उताऱ्यावर कंसात. तो फेरफाराचा नंबर. त्या नंबराची नोंद काढा. तिच्यात आधीच्या मालकाचं नाव मिळेल, त्या नावावरून आधीचा उतारा, त्यावर आणखी जुना नंबर. विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं खाली जायचं.

सगळं गाव वाचायला बसू नका, जन्म पुरणार नाही. पाच तुकडे निवडा : शाळेची जागा, देवस्थानची इनाम जमीन, गायरान, गावठाणाला लागून असलेलं एखादं शेत आणि ओढ्याकाठचं एक. शाळेची जागा कुणी बक्षीसपत्रानं दिली हे स्मरणिकेत हवंच, आणि नव्वद टक्के शाळांना ते ठाऊक नसतं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना ‘सर्व जुने रेकॉर्ड मिळावे’ असं लिहू नका. असा अर्ज ढिगाच्या तळाला जातो. गावाचं नाव, गट नंबर, ‘सन १९५० ते १९६५ चे फेरफार’ असं मोजकं मागा. आधी पाहणी, नंतर हव्या तेवढ्याच नोंदींच्या नकला. आणि आषाढीच्या आधीचे पंधरा दिवस पंढरपूर तालुक्यात जाऊच नका. सगळी कचेरी वारीच्या बंदोबस्तात असते, शिपाईसुद्धा सापडत नाही.

१९५० ते १९६५ का म्हणालो? कारण त्या पंधरा वर्षांत गाव उलटंपालटं झालं. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतन, म्हणजे गावकामाच्या बदल्यात वंशपरंपरेनं चालणारा हक्क, गेलं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या तारखेला जमीन कसणारं कूळ कायद्यानं मालक ठरलं. किंमत ठरवून कूळ कायद्याच्या कलम ३२-ग च्या नोंदी होणं पुढे कितीतरी वर्षं चाललं. १९५८ च्या कायद्यानं महार वतन आणि इतर कनिष्ठ वतनं खालसा झाली, १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटीलकी. एका कायद्याची एकेक नोंद, दोन-तीन ओळींची, किरट्या अक्षरातली. पण कालपर्यंत बांधाच्या अलीकडे कोण उभं होतं आणि आज पलीकडे कोण, ते त्याच ओळी सांगतात. वाड्याचं कौतुक करायला दोन पानं पुरतात. ज्याला पहिल्यांदा मालकीचा उतारा मिळाला त्याच्या घरी जाऊन अर्धा तास बसा, पान आपोआप भरेल.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. आज चालतो तो गट नंबर. विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडणाऱ्या एकत्रीकरण योजनेआधी होता तो सर्व्हे नंबर. योजना गावागणिक वेगवेगळ्या साली झाली आणि नंबर पार बदलले. एका स्मरणिकेसाठी मी जुन्या नोंदीतला सर्व्हे नंबर गट नंबर समजलो आणि देवळाची जमीन भलत्याच घराण्यानं दिल्याचं छापून बसलो. ज्यांनी खरी दिली त्यांचा नातू समारंभात माईक हातात घेऊन बोलला. मी मांडवात खाली बघत बसलो होतो. तेव्हा भूमी अभिलेखमधून जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता घेतल्याशिवाय एक अक्षर लिहू नका. आणि कोर्टात वाद चालू आहे त्या जमिनीचं तर नावच काढू नका.

दुसरा ठेवा म्हणजे नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी त्याला फार मागणी आहे, पण इतिहासासाठी कुणी उघडत नाही. १९१८ सालची वही मिळाली तर पावसाळा सरल्यानंतरचे महिने बघा. तापाच्या साथीत पानं कशी भरत गेली ते दिसेल, एकाच घरातली तीन-तीन नावं. ही पानं बहुधा मोडीत असतात. मोडी वाचणारा गाठा, अंदाजानं वाचू नका. मोडीत चा आणि वा ची गफलत आडनावच बदलून टाकते.

कागद एका सालाच्या मागे सरकेना झाले तर समजा, गाव तेव्हा दुसऱ्या कुणाकडे होतं. आपला जिल्हा तुकडे जोडून झालेला आहे. अक्कलकोटला भोसल्यांचं संस्थान होतं, मंगळवेढा सांगली संस्थानात. दोन्ही १९४८ मध्ये विलीन झाली. माळशिरस १८७५ मध्ये साताऱ्याकडून आलं. बार्शीच्या पूर्वेला तर निजामाची हद्दच लागायची. माळशिरसकडच्या एका गावाचा जुना कागद ‘जिल्हा सातारा’ असा निघाला तेव्हा मी तो चुकीच्या गठ्ठ्यातला म्हणून बाजूला सारला होता. गठ्ठा बरोबर होता.

कागद झाले की पाणी. गाव कुठल्या पाण्यावर हे लिहिलं नाही तर काहीच लिहिलं नाही. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं. कालवा शिवारात कुठल्या साली आला ते विचारा, कारण त्या सालाआधी ज्वारी आणि नंतर ऊस असे गावाचे दोन भाग पडतात. धरण सुमारे ११७ टीएमसीचं, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा (तळाचं, एरवी हिशेबात न धरलेलं पाणी), म्हणून आपल्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे उन्हाळ्यातलं रोजचं बोलणं. माळशिरसकडे नीरेचा कालवा, तो उजनीच्या कितीतरी आधीचा. सांगोला-मंगळवेढा माणकाठचा कोरडा मुलूख. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात एका ओलीवर मालदांडी ज्वारी येते, तिला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आणेवारीच्या (पिकाच्या उताऱ्याच्या अंदाजाच्या) यादीत गाव खरिपाचं की रब्बीचं तेही बघून घ्या, आपल्याकडे बरीच गावं रब्बीची. पाझर तलाव असेल तर तो बहात्तरच्या दुष्काळातला का, हे म्हाताऱ्या बायांना विचारा. खडी फोडायला त्याच होत्या. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव अजून सांगतात.

दगडांना मी एकच परिच्छेद देतो. वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड), शिलालेख दिसला तर फोटो घ्या, शेंदूर खरवडू नका, तेल ओतू नका. दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला, भीमा-सीना मिळतात तिथल्या देवळात, शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याखालून दर्शनाला जात होते. माचणूरला भीमेकाठी औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चारेक वर्षं होती. जवळपासच्या गावात नदीकाठी जुनी तटबंदी दिसली की ‘शिवकालीन’ लिहायची घाई नको.

मसुदा झाला की छापायला देऊ नका. फेरफार धरला की तलाठी चावडीवर नोटीस लावतो आणि हरकतीला पंधरा दिवस देतो. तुम्हीही तेच करा. मोठ्या अक्षरात छापून देवळाच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवा, खाली कोरा कागद आणि दोरीला पेन. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात चौथ्याच दिवशी एक आजी नातवाला घेऊन आल्या. मसुद्यात शाळेजवळची विहीर ‘सरकारी’ असं होतं. आजी म्हणाल्या, “सरकारनं कदी खांदली? माज्या सासऱ्यानं खांदली, गावाला पाणी भरू दिलं.” नातवानं उताऱ्याची घडी खिशातून काढली. इतर हक्कांत ओळ होती : विहिरीत पाणी भरण्याचा गावचा हक्क. मालक म्हणून आजींच्या सासऱ्यांचं नाव. गुरुजींनी तिथेच ‘सरकारी’ खोडलं.