लीगल एजंटचं टूल डिस्क्रिप्शन: ‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ यातला फरक

लीगल सॉफ्टवेअरमध्ये एजंटसाठी (म्हणजे स्वतः टूल्स चालवून काम करणाऱ्या एआय मॉडेलसाठी) टूल्स लिहायला नुकतेच आला असाल तर हे तुमच्यासाठी. टूल म्हणजे नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा साचा), हे माहीत असेलच, ते परत उगाळत नाही. फक्त एवढं पक्कं लक्षात ठेवा की मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही, आत कितीही भारी क्वेरी असली तरी टूल निवडताना त्याच्यासमोर तुमची ती चार वाक्यंच असतात.

मी कायदा शिकून इकडे आले, कोडिंग नंतर शिकले. त्यामुळे सगळा जीव कोड नीट चालवण्यात, आणि डिस्क्रिप्शन म्हणजे शेवटी पाच मिनिटांत उरकायचं काम असं वाटायचं. माझ्या पहिल्या सर्च टूलचं डिस्क्रिप्शन होतं, ‘निकाल शोधतो.’ बस, एवढंच.

एका वकिलांनी एजंटला विचारलं की या मुद्द्यावर आपल्या विरोधात जाणारा निकाल आहे का. एजंटने टूल चालवलं, रिकामी यादी आली, आणि त्याने ठामपणे लिहून दिलं, ‘या मुद्द्यावर विरोधी निकाल नाही.’ निकाल होता! खालच्या कोर्टाचा होता आणि आमच्या इंडेक्समध्ये, म्हणजे टूल ज्यात शोधतं त्या संग्रहात, फक्त अपील कोर्टांचे निकाल होते. त्यांच्या सहायकाला तो आठवत होता म्हणून ड्राफ्ट बाहेर जायच्या आधी चूक पकडली गेली. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

इथे जरा थांबून सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या यादीचे किती अर्थ होतात बघा. खरंच असा निकाल नसेल. असेल, पण आपल्या इंडेक्समध्ये नसेल. तारखेचा फिल्टर चुकला असेल. त्या युजरला ते बघायची परवानगी नसेल. किंवा सर्च टाइमआउट झाला आणि कोडने एरर गिळून रिकामी यादी परत दिली (आमच्याकडे हेही होत होतं). मॉडेलला मात्र प्रत्येक वेळी दिसतात दोन चौकोनी कंस, मधे काही नाही. मग त्याने तरी काय समजायचं?

आता तेच डिस्क्रिप्शन असं आहे: ‘इंडेक्समधल्या अपील कोर्टांच्या निकालांत मजकुरावरून शोधतो. खालच्या कोर्टांचे निकाल यात नाहीत. तारखेचा फिल्टर निकालाच्या तारखेला लागतो, केस दाखल झाल्याच्या तारखेला नाही. यादी रिकामी आली तर असा निकाल अस्तित्वातच नाही असं समजू नये, कोणती कोर्टं आणि कोणता काळ तपासला ते युजरला सांगावं. निकाल अजून लागू आहे की फिरवला गेलाय हे या टूलने कळत नाही, त्यासाठी सायटेशन तपासणारं टूल वापरावं.’ कोणता काळ कव्हर होतो ते बदलत राहतं म्हणून ते डिस्क्रिप्शनमध्ये न घालता टूलच्या उत्तरातच पाठवतो, आणि एरर आली तर एरर म्हणूनच पाठवतो, नुसतं डिस्क्रिप्शन सुधारून हे भागलं नसतं.

सगळ्यांना भीती असते ती मॉडेलने खोट्या केसेस रचण्याची. ती खरीच आहे, जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने एव्हियांका विमान कंपनीच्या केसमध्ये दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला त्यावरूनच ५,००० डॉलर दंड केला होता. पण रचलेली केस शोधायला गेलं की मिळत नाही, म्हणजे निदान पकडता येते, ‘नाही’ म्हणून सांगितलेली केस मुळात शोधायला कोण जातं?

शॉर्टकटबद्दल माझं मत सांगते. कोड मॉडेललाच देऊन डिस्क्रिप्शन लिहून घेऊ नका. टूल काय करतं ते त्याला कोडवरून छान लिहिता येईल, पण कधी वापरू नये आणि इंडेक्समध्ये काय नाहीये हे कोडमध्ये लिहिलेलंच नसतं. ‘नेहमी हेच टूल वापरा’ असंही ठोकून देऊ नका, मग नको तिथे तेच वापरलं जातं. मला शिकवणारे सीनियर म्हणायचे, मॉडेल हुशार आहे, समजून घेईल. माणूस चांगला, कोडिंग मी त्यांच्याकडूनच शिकले, पण हा सल्ला चुकीचा होता. खरं शिकले ते रोज फायली हाताळणाऱ्या त्या सहायकाकडून.

तारखांचं थोडक्यात: ०३/०४/२०२४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हा प्रश्न उरूच देऊ नका, मुदत मोजताना महिन्याचा फरक पडतो. वर्ष-महिना-दिवस असा आयएसओ ८६०१ फॉरमॅट स्कीमातच सक्तीचा करा. आणि कोर्टात दाखल करणारं टूल ड्राफ्ट बनवणाऱ्या टूलपासून वेगळंच ठेवा. एमसीपीमध्ये (मॉडेलला टूल्स जोडायची एक प्रमाणित पद्धत) ‘हे टूल धोक्याचं आहे’ अशी खूण लावता येते पण ती फक्त सूचना असते, माणसाची परवानगी कोडमध्येच अडवून घ्या.

घाबरू मात्र नका. कोडिंग कच्चं असलं तरी हे काम जमतं, कायद्याची बाजू माहीत असेल तर उलट लवकर जमतं, आणि डिस्क्रिप्शन बदलून परत टेस्ट करायला फार वेळ लागत नाही. मी दर बदलानंतर वीस प्रश्न चालवते, त्यातल्या पाचांची उत्तरं आमच्या इंडेक्समध्ये नाहीत हे मला आधीच माहीत असतं. त्या पाचांची उत्तरं आधी वाचते, आणि एकातही नुसतं ‘निकाल नाही’ असं आलं तर त्या दिवशी रिलीज थांबतं.