हायडीज गुच्छाचे तारे कसे ओळखावेत

डिसेंबरच्या रात्री वृषभ राशीतील ‘व्ही’ आकाराचा हायडीज तारकागुच्छ शोधावा. त्यातील ठळक, तांबूस रोहिणी मात्र आधीच वगळावी, कारण ती सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे आणि गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर. त्यानंतर ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या ‘गाया’ उपग्रहाच्या खुल्या माहितीतून पराशय (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या जागेत दिसणारा, अंतर सांगणारा सूक्ष्म फरक) सुमारे २१ मिलिआर्कसेकंद (आर्कसेकंदाचा हजारावा भाग) असलेले तारे निवडून त्यांच्या निजगतीचे (आकाशपटलावर दरवर्षी होणाऱ्या सरकण्याचे) बाण नकाशावर काढावेत. हे बाण पुढे वाढवले की मृगातील काक्षी (बीटलज्यूज) ताऱ्याच्या पूर्वेकडील एका बिंदूकडे एकवटतात. तारे प्रत्यक्षात जवळजवळ समांतरच जात असतात, पण आपल्यापासून दूर जात असल्याने लांबवर जुळणाऱ्या रुळांसारखे भासतात. खगोलशास्त्रज्ञ लुईस बॉस यांनी १९०८ मध्ये याच युक्तीने गुच्छाचे अंतर काढले होते.

हे तारे सुमारे ६५ कोटी वर्षांपूर्वी एकाच वायुमेघाच्या आकुंचनातून जन्मले, म्हणून त्यांची गती सारखी आहे. मात्र आकाशगंगेच्या भरती-बलाने (जवळच्या व दूरच्या बाजूंवरील असमान गुरुत्व-ओढीने) कडेचे तारे निसटून गुच्छाच्या पुढे-मागे लांब शेपट्या तयार झाल्या असून, २०१९ मध्ये गायाच्याच मोजमापांतून त्या उघड झाल्या. त्यामुळे कडेचा तारा केवळ केंद्रापासून दूर आहे म्हणून वगळू नये. त्याचा त्रिमितीय वेग, अरीय वेगासह (आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर जाण्याच्या वेगासह), आधी तपासावा.