पौषात कादंबरी: चक्कीवर बसून महिनाभरात लिहायची रीत

मी पिठाची चक्की चालवते. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं आमचं गाव. ओट्याला लागून खोली, खोलीत मोटर, अन् कोपऱ्यात हळद-तिखटाचं वेगळं यंत्र. या खोलीत मी तीन वर्षांत तीनदा महिनाभरात कादंबरी लिहायला घेतली. पहिली 11 हजार शब्दांवर मेली. दुसरी पूर्ण झाली, पण मलाच वाचवत नाही. तिसरी दुसऱ्याच्या हातात द्यावी इतपत जमली. लिहिणाऱ्या दोन-चार मैत्रिणी 'कसं करतेस' म्हणून विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर.

ही टूम मूळ अमेरिकेतली. 1999 च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला ख्रिस बेटी नावाच्या तरुणानं सुरू केली. पहिल्या वर्षी सगळे मिळून 21 जण होते. पुढच्या वर्षीपासून महिना नोव्हेंबर ठरला, अन् नाव पडलं नॅनोरायमो, म्हणजे 'नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ'चं लघुरूप. हिशोब सरळ: 30 दिवस, 50,000 शब्द, म्हणजे रोज 1,667. परीक्षक नाही, बक्षीस नाही. आकडा गाठला तो जिंकला. पुढे दरवर्षी लाखो लोक लिहायला बसू लागले. ते चालवणाऱ्या संस्थेनं 2025 च्या मार्चअखेरीस काम बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण रीत कोणाच्या सातबाऱ्यावर चढलेली नसते. कॅलेंडर अन् मोबाइल असला की झालं.

आता माझी पहिली चूक. जुलैचा नोव्हेंबर का केला, तर तिकडं नोव्हेंबरात हवा वाईट, माणूस घरातच अडकलेला, मग लिहील तरी. अन् मी ते जसंच्या तसं उचललं! आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, वेचाईला बाया मिळत नाहीत, हरभऱ्याचं पेरणं, अन् सांजच्याला वावरातून आलेल्या बाया डबे घेऊन ओट्यावर रांगेत. मी स्वतः कंबरेला कापसाची ओटी बांधून वेचायला जात होते. रात्री दहाला मोबाइल हातात घेतला की बोटं वाकत नव्हती. बोंडाच्या काट्यांनी नखांच्या कडा फाटलेल्या. चौदाव्या दिवशी सोडून दिलं.

म्हणून पहिलं काम: आपला महिना आपण शोधा. मी चक्कीची वही काढली. दिवाळीआधी गर्दी. उन्हाळ्यात शेवया, पापड, कुरडया अन् लग्नं. आषाढात निंदणाच्या दिवसांत बरं असतं, पण सगळीकडं ओल अन् लाइनीचा भरवसा नाही. वहीत सगळ्यात रिकामी पानं पौषाची निघाली. पौषात लग्नं नाहीत, कपाशीची मोठी वेचणी उरकलेली, गव्हाला पाणी देणं चालू असतं ते घरचे माणसं पाहतात. तिथीनं मोजला तर महिना 29-30 दिवसांचाच, अमावास्या ते अमावास्या. संक्रांतीचे तीन-चार दिवस हळदी-कुंकवात जातात, ते आधीच वजा धरा. तुमचा रिकामा महिना वेगळा असेल. शाळेत असाल तर मे, आशाताई असाल तर देवच जाणे.

दुसरं, शब्दांचं माप. 50,000 हा आकडा इंग्रजीचा आहे. इंग्रजीत 'फ्रॉम इनसाइड द हाउस' हे चार शब्द. आपण 'घरातून' म्हणून मोकळं होतो. 'आय डिड नॉट वॉन्ट टू गो' हे सहा, 'मला जायचं नव्हतं' हे तीन. आपल्याकडं विभक्ती शब्दालाच चिकटते, अन् मोबाइल त्याला एकच शब्द मोजतो. म्हणजे मराठीत 50,000 लिहिणारीनं इंग्रजीवाल्यापेक्षा बरंच जास्त सांगितलेलं असतं. मी 30,000 धरले, रोजचे हजार. कोणी म्हणेल ही पळवाट. असू दे. पायलीचं माप अन् किलोचं माप एक नसतं, हे चक्कीवालीला कोणी शिकवायची गरज नाही.

हजार शब्द एका बैठकीत होत नाहीत. माझे तर कधीच झाले नाहीत. दहा किलो गहू दळायला आठ-दहा मिनिटं लागतात. दाणे वर ओतले, दगडाची कळ बसवली, पीठ बोटांत चोळून पाहिलं, की मग उभं राहायचं तेवढंच काम. त्या वेळात अंगठ्यानं माझे साठ-सत्तर शब्द होतात. मोटरच्या आवाजात कोणी बोलत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. बोलून लिहायची सोय मोबाइलात आहे, पण चक्की चालू असताना तिला काही ऐकू येत नाही, अन् बंद असताना 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहून देते. थ्री फेज गेली की मात्र चांदी. सिंगल फेजवर बल्ब जळतो, चक्की फिरत नाही, बाया डबे ठेवून घरी जातात. अशा एका दुपारी मी 640 शब्द लिहिलेत. तर तुमच्या दिवसातही अशा फटी असतील. आधी चार दिवस नुसत्या मोजा. एसटीची वाट, चुलीवर डाळ शिजायची वेळ, मोटरीचं पाणी वावरातलं बारं (वाफा) भरेपर्यंतचा वेळ. मग प्रत्येक फटीत किती शब्द बसतात ते पाहा, अन् त्यावरून रोजचा आकडा ठरवा. वेळ आधी मोजायचा, आकडा मागून.

तयारी फार करू नका. मी दोन गोष्टी करते. एका कागदावर कोणाला काय पाहिजे अन् कोण आडवं येतं ते चार ओळींत. दुसऱ्या कागदावर वीस-बावीस प्रसंग, एकेका ओळीत: 'धुऱ्यावरून भांडण', 'बैल विकला', 'सुभद्रा माहेरी जायला निघते, बस येत नाही'. क्रम लावत नाही. ज्या दिवशी डोकं चालत नाही त्या दिवशी यादीतला सोपा प्रसंग उचलते.

अन् लिहिताना वर सरकायचं नाही. हा नियम मी दुसऱ्या वर्षी केला, कारण पहिल्या वर्षी पहिलं प्रकरण सात वेळा दुरुस्त केलं होतं अन् दुसरं लिहिलंच नव्हतं. आता काल कुठं थांबले ते कळावं म्हणून शेवटच्या दोन ओळी वाचते, तेवढंच. नाव बदललं, वय चुकलं, मेलेला माणूस पुन्हा बाजारात दिसला, तरी पुढं जायचं; चौकटी कंसात 'पाहणे' असं लिहून ठेवायचं. चक्कीच्या दगडाला टाकी लावली, म्हणजे छिन्नीनं टोचून खरखरीत केला, की पहिलं दळण कचकच येतं. ते मी ढोरांसाठी काढते, दगड मात्र त्यानंच बसतो. पहिल्या आठ दिवसांचं लिखाण तसंच असतं, हे मनाला सांगून ठेवा.

खरी अडचण दहाव्या-बाराव्या दिवशी येते. सुरुवातीचा जोर गेलेला, शेवट दिसत नाही, अन् माणसं नुसती बसून बोलायला लागतात. माझ्या दुसऱ्या कादंबरीत दोन जावा चाळीस पानं ओसरीवर बसून बोलल्या. बोलणं वाईट नव्हतं. वऱ्हाडी बोलणं माझ्या हाताला आपोआप येतं. पण त्या काही करतच नव्हत्या. हे मला तेव्हा कळलं नाही, महिना संपल्यावर कळलं. तिसऱ्या वर्षी मी यादीतल्या प्रत्येक प्रसंगापुढं एक काम लिहिलं: तूर पाखडणं, गोठा झाडणं, फाटलेली ताडपत्री शिवणं. आधी हे असं होतं:

'मोठी जाऊ म्हणाली, तुह्या मनात काय आहे ते सांग. लहान जाऊ गप्प राहिली. तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं.'

काम दिल्यावर असं झालं:

'मोठीनं विचारलं, तुह्या मनात काय आहे? लहानीनं सुपातली तूर एकदा पाखडली. मग पाखडलेलीच पुन्हा पाखडली.'

काहूर गेलं. मला वाटतं तीन वर्षांत मी शिकले ते एवढंच, पण ते मला पन्नास पुस्तकं वाचून शिकता आलं नसतं. आधी चाळीस पानं चुकीची लिहावी लागली.

भाषेचंही असंच. पहिल्या वर्षीचं माझं निवेदन शाळेच्या निबंधातलं होतं. 'सूर्य मावळतीला झुकला होता, आसमंतात उदासीनता पसरली होती.' आमच्या गावात आसमंत हा शब्द कोणी तोंडातून काढलेला मी ऐकला नाही. महिनाभर रोज हजार शब्द लिहायचे म्हटल्यावर पंधराव्या दिवशी असे शब्द संपतात. उसनं किती दिवस पुरणार? मग घरचं बाहेर येतं. 'दिवस बुडाला. गुंडातलं पाणी शेंदरी दिसत होतं.' ही ओळ एकविसाव्या दिवशी आली (गुंड म्हणजे आमच्याकडं पाण्याचं भांडं). बोलणं वऱ्हाडीत अन् निवेदन साध्या बोलीत, असा मेळ मी त्यानंतर ठरवला. काही जणी निवेदनही वऱ्हाडीत लिहितात. मला ते दोनशे पानं पेलवेल असं वाटत नाही.

एक धडा महाग पडला. नवव्या दिवशी मोबाइल पाण्याच्या ड्रममध्ये पडला. तांदळात ठेवला, देवाला हात जोडले, काही झालं नाही. साडेतीन हजार शब्द गेले, कारण मी ते मोबाइलच्या वहीत लिहीत होते अन् बाहेर कुठंच ठेवले नव्हते. आता गूगल डॉक्समध्ये लिहिते. शब्दही तोच मोजून देतो. शिवाय झोपायच्या आधी दिवसभराचं लिखाण स्वतःलाच मेल करते. रेंज नसली तर ओट्यावर नळाजवळ उभी राहते, तिथं दोन दांड्या येतात. चक्कीवर असाल तर मोबाइल पातळ पिशवीत घालून वापरा. पीठ चार्जिंगच्या भोकात बसलं की टाचणीनं काढत बसावं लागतं.

घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न पोरी नेहमी विचारतात. मी पहिल्या वर्षी कोणालाच सांगितलं नाही. मग सासूबाई एक दिवस दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय वं, कोनाशी बोलून रायली मोबाइलात?"

"कोनाशी नाही आई, लिवून रायली."

"लिवून कोनाले धाडतं?"

"कोनालेच नाही."

त्या काही बोलल्या नाहीत, पण तीन दिवस माझ्याकडं तिरप्या नजरेनं पाहत होत्या. दुसऱ्या वर्षी मी आधीच सांगितलं: महिनाभर कथा लिहिते, रोज एक हजार शब्द, पौष संपला की बंद. महिन्याचं नाव सांगितलं की घरच्यांना सोपं जातं. व्रत असल्यासारखं धरतात. फक्त महिना चालू असताना कोणाला वाचायला देऊ नका. 'छान आहे' म्हटलं तरी हात थांबतो.

तीस हजार झाले नाही तर? माझ्या तिसऱ्या वर्षी 27,400 झाले. अमावास्येच्या रात्री मी थांबले, अन् उरलेलं माघात रोज दोनशे-दोनशे करून संपवलं. आकडा चुकला म्हणून रडण्यापेक्षा वहीत रोजचे शब्द मांडून पाहा. कोणत्या दिवशी का अडलं ते तिथं दिसतं. माझे शुक्रवार कोरे निघाले, कारण शुक्रवारी आमचा बाजार. पुढच्या वेळी शुक्रवार धरायचेच नाहीत, झालं.

मग ते बाजूला ठेवा. मी गुढीपाडव्यापर्यंत उघडत नाही. पाडव्यानंतर तालुक्याला जाऊन छापून आणते, दोन्ही बाजूंनी, मोठ्या अक्षरात. शिसपेन्सिलीनं पहिल्या वाचनात फक्त खुणा करते: जिथं कंटाळा आला तिथं आडवी रेघ, जिथं आपणच थांबून पुन्हा वाचलं तिथं टिंब. आडव्या रेघांचं पान पूर्ण काढून टाकते. दुसऱ्या कादंबरीतून असं काढता काढता एकच तुकडा राहिला, बैल विकायचा. त्याची कथा करून एका दिवाळी अंकाला पाठवली. उत्तर आलं नाही. तरी ती कथा माझ्याकडं आहे अन् तिच्यात ताणलेलं काही नाही.

दुसरं वाचन मोठ्यानं, अन् ऐकायला असा माणूस पाहिजे ज्याला तुमची भीड नाही. माझ्याकडं सासूबाई आहेत. शाळा चौथीपर्यंत, कीर्तनं मात्र शेकड्यानं ऐकलेली. उन्हाळ्यात दुपारी चक्की बंद असते तेव्हा त्या बाजेवर पडतात अन् मी वाचते. मधूनच झोपतात, तेही लिहून ठेवते: कुठं झोपल्या. तिसऱ्या कादंबरीतली सुभद्रा घर सोडून निघते, बसची वाट पाहते, माहेरी जाते, तिथून परत फिरते. पाच प्रकरणं वाचून झाली तेव्हा त्या उठून बसल्या.

"तिले जेवू तं घाल," म्हणाल्या. "चार दिवसापासून उपाशी हिंडून रायली बिचारी."

मी पानं मागं उलटून पाहिली. खरंच, चार दिवसांत सुभद्रेनं पाण्याचा घोट घेतला होता, तेवढाच. आता सहाव्या प्रकरणात ती माहेरी भावजयीच्या चुलीजवळ बसते, भाकर अन् झुणका ताटात येतो, अन् भावजय दुसरी भाकर वाढू की नको म्हणून हात आखडता घेते. त्या हातावरून पुढचं सगळं प्रकरण बदललं.