कॅमेरा गॉगलने एअर पिस्तुलचा सराव टिपताना

10 मीटर एअर पिस्तुलच्या सरावात कॅमेरा गॉगल लावला की पहिली तक्रार ठरलेली: टार्गेट दिसतं, पिस्तूल मात्र चौकटीच्या खालच्या कडेला कापलं जातं. गॉगलच्या मध्यभागी, नाकावर असलेली कॅमेऱ्याची लेन्स वरच्या दिशेला बघत असते. कानामागे दोन्ही काड्यांखाली 2 मिमी जाडीचा रबराचा तुकडा चिकटवा. मागची बाजू उचलली की लेन्स खाली झुकते. डोक्यामागून इलॅस्टिकचा पट्टा हवाच, नाहीतर घामाने गॉगल घसरतो.

साईट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) टार्गेटशी जुळलेली व्हिडिओत दिसेल ही आशा सोडा. लेन्स नाकावर, नेम धरणारा डोळा साधारण 3 सेंमी बाजूला. शिवाय टार्गेटचा 59.5 मिमीचा काळा गोल 1920 पिक्सेल रुंद, आडवा 90 अंशांचा कोन टिपणाऱ्या चित्रात जेमतेम सहा पिक्सेलचा! म्हणून छर्रा कुठे लागला ते टार्गेटवरच बघा. व्हिडिओत बघायचं ते नेम धरून किती वेळ गेला आणि छर्रा सुटल्यावर हात लगेच खाली येतो का.

बंदिस्त रेंजवर काळ्या काचा काढून पारदर्शक लावा. दिव्यांच्या उजेडात चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याची अँटी-फ्लिकर (दिव्यांची लुकलुक टाळणारी) सेटिंग बहुधा 60 हर्ट्झवर आहे. भारतात 50 ठेवा.

काचेवर आघातरोधक प्रमाणपत्राची खूण नसेल तर तो गॉगल रेंजवर नकोच. रेंज अधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या.