नास्तिकता ही आपली ओळख आहे का, हे कसे तपासावे

देव मानत नाही, एवढे सांगितल्याने माणसाचे एका प्रश्नाचे उत्तर कळते, माणूस कळत नाही. म्हणून आधी नास्तिकता आणि मानवतावाद यांची गल्लत थांबवावी. पहिली केवळ एक भूमिका आहे. दुसरा विवेक, मानवी प्रतिष्ठा आणि परस्परांविषयीची जबाबदारी यांवर उभा असलेला जीवनविचार आहे. १९५२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला मानवतावाद्यांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हाच्या जाहीरनाम्याचा भरही देव नाकारण्यापेक्षा माणसाने कसे जगावे यावरच होता.

त्यानंतर स्वतःचे अलीकडचे काही अवघड निर्णय आठवावेत आणि प्रत्येकाबाबत विचारावे, की मी आस्तिक असतो तर वेगळे वागलो असतो का? समजा, आपण त्याच्यासाठी प्रार्थना करावी, अशी इच्छा मृत्युशय्येवरच्या आप्ताने व्यक्त केली. प्रार्थनेत सहभागी न होताही त्याचा हात हातात घेऊन शेवटपर्यंत बसून राहणारा माणूस आणि तत्त्वासाठी खोलीबाहेर निघून जाणारा माणूस, दोघेही नास्तिकच. मात्र पहिल्याच्या वागण्यामागे मानवतावाद आहे, तर दुसऱ्याला स्वतःचे वेगळेपण सिद्ध करण्याची निकड अधिक वाटते, असे मला वाटते. आपण यांपैकी कुठे उभे राहिलो असतो, याचे प्रामाणिक उत्तर लिहून ठेवावे.

आता टीकेला आपण कसा प्रतिसाद देतो ते पाहावे. नास्तिकांवरची टीका ऐकून युक्तिवादातील चूक आधी दिसते, की अपमान आधी जाणवतो? अपमान जाणवत असेल, तर नास्तिकता हे नुसते मत न राहता ‘आपल्या माणसांचा’ गट झाली आहे. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास दाखवून दिले, की अगदी क्षुल्लक निकषावर गट पाडले तरी माणसे आपल्या गटाला झुकते माप देतात. विवेकवादी म्हणवणारेही (आणि तेच तर जास्त गाफील असतात) याला अपवाद नाहीत. मात्र जिथे अश्रद्ध असण्याची किंमत नाती तुटण्याने मोजावी लागते, तिथे ही ओळख बहुधा इतरांनी लादलेली असते. तिचा अभिमान बाळगण्यात काही गैर नाही.

शेवटी बिरुद लावायचे की नाही, हे ठरवावे. तशी सक्ती कुणावरही नाही: संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९३ मध्ये केलेल्या विवरणानुसार नास्तिक विचारांना जसे संरक्षण आहे, तसेच कोणताही धर्म वा श्रद्धा न स्वीकारण्याच्या हक्कालाही आहे.