एक्स-रेसाठी एकस्फटिक कसा वाढवायचा

नवं संयुग तयार झालं, एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची ओळख पटवणारी चाचणी) स्वच्छ आला, वस्तुमानही जुळलं. आता रचना, म्हणजे रेणूतला कोणता अणू कुठे आहे ते, पक्की करायची तर एक्स-रे विवर्तनासाठी (किरण स्फटिकातून ठरावीक दिशांना विखुरतात, त्यावरून रचना काढतात) एक चांगला एकस्फटिक, म्हणजे सलग एकच असा स्फटिक, हवा. आजच्या डिफ्रॅक्टोमीटरवर (विवर्तन मोजणाऱ्या यंत्रावर) साध्या रेणूचा पूर्ण डेटा काही तासांत मिळतो. खरा वेळ जातो तो त्याआधी, व्हायलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या बाटलीत. स्फटिक खराब असेल तर पुढे कितीही वेळ संगणकासमोर बसा, रचना सुधारत नाही. म्हणून मेहनत इथेच घ्यावी.

आकाराचं माप आधी मनात पक्कं करा. प्रत्येक बाजूने ०.१ ते ०.३ मिमी पुरे, म्हणजे चहात घालायच्या साखरेच्या दाण्याहूनही लहान. ०.५ मिमीच्या पुढे गेलेला स्फटिक किरणशलाकेत पूर्ण मावत नाही, आणि जड धातू असेल तर किरण स्वतःच शोषून घेतो. बाजू धारदार, पृष्ठभाग चकचकीत आणि आतून पारदर्शक, एवढं दिसलं पाहिजे.

हात बसवायचा असेल तर मोरचुदापासून सुरुवात करा. १९१२ मध्ये म्युनिकला लाउए, फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी एक्स-रे विवर्तन पहिल्यांदा पाहिलं ते याच मोरचुदाच्या स्फटिकावर. १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात ४० ग्रॅम मोरचूद ६० अंश सेल्सिअसला विरघळवा, गरम असतानाच गाळा आणि झाकून सावकाश थंड होऊ द्या. २० अंशांना पाण्यात साधारण ३२ ग्रॅमच मावतो, उरलेला स्फटिकरूपाने बाहेर येतो. भांडं गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवून रात्रभर थंड केलं तर मोजके, ठळक निळे स्फटिक मिळतात. तेच भांडं बर्फात बुडवलं तर तळाशी निळा भुगा बसतो. सगळं शास्त्र या दोन भांड्यांच्या फरकात आहे. द्रावण एकदम फार अतिसंपृक्त झालं, म्हणजे मावेल त्याहून बराच जास्त माल त्यात विरघळलेला राहिला, की हजारो केंद्रकं (स्फटिकांचे पहिले सूक्ष्म कण) एकाच वेळी जन्मतात आणि माल वाटला जातो. अतिसंपृक्तता जेमतेम ठेवली तर चार-पाच केंद्रकं सगळा माल घेऊन वाढतात.

खडीसाखर पाहा. दोऱ्याच्या खडबडीत तंतूंवर शेकडो केंद्रकं बसतात आणि खडे एकमेकांना चिकटून येतात. खाण्यासाठी ते उत्तम, विवर्तनासाठी निरुपयोगी. व्हायलमधली धूळ, टिश्यूचा तंतू, सिलिका जेलचा कण, हे सगळे त्या दोऱ्याचंच काम करतात. म्हणून कॉलम करून (सिलिका जेल भरलेल्या नळीतून वेगळं करून) शुद्ध केलेलं संयुगसुद्धा ०.२ किंवा ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरमधून थेट नव्या, ओरखडा नसलेल्या व्हायलमध्ये गाळा. अशुद्धी ५ टक्के असेल तर आधी ती काढा. ती वाढत्या पृष्ठभागावर चिकटून बसते आणि वाढच थांबवते.

मग द्रावक निवडा. ८-१० द्रावकांत १-२ मिलिग्रॅम टाकून पाहा: कशात सहज विरघळतं, कशात अजिबात नाही, कशात गरम केल्यावरच. १० मिलिग्रॅम संयुग १ ते २ मिलिमध्ये विरघळत असेल तर तो कामाचा द्रावक. फारच सहज विरघळणारा द्रावक शेवटी चिकट काकवी देतो. हेक्झेनसारख्या लांब साखळीच्या रेणूचा मोह टाळा. तो स्फटिकातल्या रेणूंच्या जाळीच्या पोकळीत शिरला की वेड्यावाकड्या स्थितीत बसतो आणि रचना सोडवताना छळतो. बेंझिनसारखा सपाट टोल्युईन त्यापेक्षा शहाणा असतो, पण काही वेळा तोही दोन स्थितींत बसलेला सापडतो.

सावकाश बाष्पीभवन सर्वांत सोपं: ५ मिलिच्या व्हायलमध्ये २ मिलि द्रावण, वर ॲल्युमिनियम फॉइल, त्याला सुईने २-३ छिद्रं. द्रावण पूर्ण सुकू देऊ नका. शेवटच्या थेंबात सगळी अशुद्धी एकवटते आणि आधी वाढलेल्या स्फटिकांवर तिचा थर बसतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात डायक्लोरोमीथेन उघड्यावर उडायला ठेवू नका. ते उडताना व्हायल गार पडते, हवेतलं पाणी आत उतरतं आणि पाण्याला संवेदनशील संयुग बिघडतं.

सर्वांत भरवशाची पद्धत बाष्प-विसरणाची. आतल्या २ मिलिच्या लहान व्हायलमध्ये ०.५ ते १ मिलि द्रावण घ्या, ती झाकण न लावता २० मिलिच्या मोठ्या व्हायलमध्ये ठेवा, बाहेर ३ ते ४ मिलि प्रतिद्रावक (ज्यात संयुग विरघळत नाही तो द्रव) ओता आणि मोठीचं झाकण घट्ट लावा. प्रतिद्रावक आतल्या व्हायलच्या निम्म्या उंचीच्या वर जाता कामा नये. दोन्ही द्रावक एकमेकांत मिसळणारे हवेत, आणि बाहेरचा आतल्यापेक्षा जास्त उडणारा हवा. मिथेनॉल, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) किंवा डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) आत असेल तर बाहेर डायइथाइल ईथर चालतं, क्लोरोफॉर्मसाठी पेंटेन. डायक्लोरोमीथेन आत आणि हेक्झेन बाहेर ठेवलं की उलटं घडतं: ४० अंशांना उकळणारं डायक्लोरोमीथेन बाहेर पळतं, आतली व्हायल कोरडी पडते आणि भिंतीवर पापुद्रा राहतो. ईथर ३४.६ अंशांना आणि पेंटेन ३६ अंशांना उकळतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ते उकळूच लागतं आणि झाकणावर दाब येतो. तिथे व्हायली सतत एसी असलेल्या खोलीत ठेवा. ईथरची बाटली जुनी असेल तर पेरॉक्साइडची चाचणी केल्याशिवाय वापरू नका.

डायक्लोरोमीथेन-हेक्झेन ही जोडी थरांच्या पद्धतीसाठी उत्तम. अरुंद परीक्षानळीत किंवा एनएमआर ट्यूबमध्ये खाली द्रावण, वर हेक्झेन. घनता १.३३ आणि ०.६६, त्यामुळे थर टिकतात. मध्ये दोन्हींच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा अर्धा सेंटिमीटरचा थर दिला तर मिसळण आणखी सावकाश होते. लांब सुईने भिंतीवरून थेंब-थेंब सोडा. जड द्रव नेहमी खाली, हा क्रम चुकला की थर उलटतात आणि क्षणात पूड पडते.

गरम द्रावणातून सावकाश थंड करायचं असेल तर बंद व्हायल गरम पाणी भरलेल्या ड्युअर फ्लास्कमध्ये (थर्मॉससारख्या भांड्यात) ठेवा, थंड व्हायला दीड-दोन दिवस लागले पाहिजेत.

एका संयुगासाठी एकच व्हायल लावून वाट पाहणं चूक. १०-१२ व्हायली एकदम लावा, प्रत्येकीवर द्रावक, प्रमाण, तारीख लिहा आणि व्हॅक्यूम पंप, स्टरर, फ्रिजचा कॉम्प्रेसर यांच्यापासून दूर ठेवा. मग हात लावू नका. उचलून, हलवून, उजेडात धरून रोज पाहणं हेच बारीक पूड पडण्याचं मोठं कारण असतं. कोपऱ्यात विसरलेल्या एनएमआर ट्यूबमध्ये सुंदर स्फटिक सापडतात ते याचमुळे.

स्फटिकांऐवजी तेल सुटलं तर द्रावण फार तीव्र आहे: निम्मं विरल करा, तापमान खाली आणा. पूड आली तर वेग कमी करा, म्हणजे छिद्रं कमी करा किंवा कमी उडणारा प्रतिद्रावक घ्या. केसासारख्या सुया किंवा पापुद्र्यासारख्या चकत्या आल्या तर द्रावक बदला, कारण कोणती बाजू वेगाने वाढणार हे द्रावकही ठरवतो. काहीच आलं नाही तर त्याच संयुगाचा सूक्ष्म कण बीज म्हणून टाका. आयनी संयुग असेल तर प्रतिआयन (विरुद्ध प्रभाराचा जोडीदार आयन) बदला: क्लोराइडऐवजी हेक्झाफ्लुरोफॉस्फेट किंवा टेट्राफिनाइलबोरेट. सेंद्रिय लिगँड (धातूला जोडलेले रेणू) असलेल्या धातुसंकुलांचं परक्लोरेट शक्यतो टाळा. ते सुकं असताना खरवडलं तर स्फोट होऊ शकतो.

स्फटिक मिळाल्यावर त्यांना कधीही गाळून सुकवू नका. जाळीत अडकलेलं डायक्लोरोमीथेन किंवा ईथर मिनिटभरात उडतं आणि पारदर्शक स्फटिक पांढरा पडतो. मूळ द्रावणासकट एक थेंब काचेवरच्या पॅराटोन तेलात (स्फटिकाला झाकून ठेवणाऱ्या घट्ट तेलात) घ्या आणि ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली, म्हणजे ध्रुवित प्रकाशात, फिरवा. चांगला एकस्फटिक दर ९० अंशांना एकदम, पूर्ण काळा होतो. अर्धा आधी आणि अर्धा नंतर काळा झाला तर तो जुळा, म्हणजे एकमेकांत वाढलेले दोन स्फटिक, आहे. घनीय स्फटिक सतत काळाच राहतो, त्याला दोष समजू नका. मोठा असेल तर तेलातच धारदार ब्लेडने कापा. मग नायलॉनच्या लूपवर उचलून १०० केल्विनच्या नायट्रोजन झोतात. तिथे तेल गोठून स्फटिक घट्ट धरलं जातं आणि अणूंची थरथर कमी होते.

पूर्ण डेटा गोळा करण्याआधी एकक कोशिका (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान ठोकळा) मोजा. काही मिनिटांचं काम आहे. ती केंब्रिजच्या संग्रहात, म्हणजे आधी सोडवलेल्या रचनांच्या डेटाबेसमध्ये, शोधा. फॉस्फिन वापरलेल्या अभिक्रियेतून वाढलेला देखणा स्फटिक बऱ्याचदा ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइडचाच, म्हणजे त्या फॉस्फिनपासून झालेल्या उपपदार्थाचाच, निघतो, आणि त्यावर मशीनचा दिवस घालवण्यात अर्थ नाही. संयुग हस्तिल (डाव्या-उजव्या हातांसारखं, आरशातल्या प्रतिमेवर न बसणारं) असेल आणि त्यात जड अणू नसेल तर मॉलिब्डेनमऐवजी तांब्याचं एक्स-रे विकिरण मागा, नाहीतर निरपेक्ष रचना, म्हणजे दोन प्रतिमांपैकी नेमकी कोणती ते, ठरत नाही.

मशीन दुसऱ्या संस्थेत असेल तर व्हायल मूळ द्रावणासकट, झाकणाला पॅराफिल्म (ताणणारी मेणचट पट्टी) गुंडाळून, उभी पाठवा. सोबतच्या चिठ्ठीवर अपेक्षित सूत्र, वापरलेले सगळे द्रावक, प्रतिआयन, हवा-पाणी-प्रकाश सोसतं का, आणि विषारी किंवा स्फोटक आहे का, एवढं लिहा. वाढवलेल्या व्हायलींपैकी एक आपल्याकडे राखून ठेवा.